फिक्स आणि सुट्टं: सोलापुरात बसून ऑनलाइन लिखाणाचं काम, ऑक्टोबर ते एप्रिल

१ ऑक्टोबर २०२४

प्रकल्पाला नाव द्यायचंच तर "फिक्स", कारण मला सध्या तेवढंच पाहिजे. मार्चअखेरपर्यंत उत्पन्नातलं निम्मं तरी फिक्स असलं पाहिजे म्हणजे महिना उजाडायच्या आधीच माहीत असलेलं, आणि कुठल्याही एका क्लायंटचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या वर जायला नको. बाकीचं सुट्टं असू दे, त्याला ना नाही.

आजची परिस्थिती लिहून ठेवते. महिन्याला सरासरी २६ हजार येतात, त्यातले १९ एकाच एजन्सीकडून. केस गळणे, होम लोन, क्रेडिट कार्ड, पोटावरची चरबी असले लेख. आधी शब्दाला ४० पैसे होते, एआय आल्यावर "आता तुम्हाला लिहायचं नाहीये मॅम, फक्त एडिट करायचंय" म्हणून २५ वर आणले. एडिट म्हणजे काय तर मशीनने लिहिलेलं वाक्य माणसात आणायचं. कालचं एक उदाहरण, "आपल्या केसांना ती काळजी द्या ज्यासाठी ते पात्र आहेत". आता याचं काय एडिट करणार, केसांनी काय परीक्षा दिलीय का. पुसून नवीन लिहावं लागतं आणि पैसे मात्र एडिटचे.

उरलेले सात हजार म्हणजे सुट्टं: कुणाच्या क्लासचं पत्रक, डॉक्टरांच्या वेबसाइटवरचं "आमच्याविषयी", एका यूट्यूबवाल्याच्या स्क्रिप्टा.

३ ऑक्टोबर

आज घटस्थापना आणि संध्याकाळी बातमी आली, मराठीला अभिजात दर्जा. सगळ्या ग्रुपवर झेंडे, फटाके, कुणी ज्ञानेश्वरीचे फोटो टाकले. एजन्सीच्या ग्रुपवर पण "प्राउड मोमेंट टीम" असं इंग्लिशमध्ये आलं. मी त्याच मेसेजखाली रेट वाढवून मागितला. सगळ्यांनी वाचला, उत्तर कुणाचंच नाही.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची तारीख लागली, मतदान २० नोव्हेंबरला. आज सकाळीच ओळखीतून फोन, एका उमेदवाराचं सोशल मीडिया बघणारे लोक आहेत, त्यांना मराठी आणि तेलुगू दोन्ही येणारं कुणीतरी पाहिजे कारण पूर्व भागातले मतदार. आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठी, गल्लीत कन्नड आणि उर्दू, त्यामुळं हे असलं काम सोलापुरात मलाच मिळणार असं नाही पण मिळू शकतं.

मी अट घातली, तीन हप्त्यात पैसे. पहिला काम चालू करताना, दुसरा दिवाळीच्या आधी, तिसरा प्रचार संपायच्या दिवशी म्हणजे १८ नोव्हेंबरला. समोरचा म्हणला, "अक्का, एवढा काय विश्वास नाही का बे आमच्यावर." म्हणलं विश्वास आहे, तारखेवर नाही. जे लिखाण एका ठराविक तारखेनंतर मेलेलं असतं त्याचे पैसे त्या तारखेच्या आधी यायला पाहिजेत, नंतर त्याची किंमत कुणालाच वाटत नाही. कुरकुर करून तयार झाला.

बाहेर रूपाभवानीच्या देवळापासून तुळजापूर रोडला माणसंच माणसं, कोजागरीला चालत निघालेले. शेजारची पोरंपण गेली. मी कॅप्शन लिहीत बसले.

२७ ऑक्टोबर

प्रचाराच्या कामातून शिकलेलं लिहून ठेवते, पुढच्या निवडणुकीला लागेल.

छापील पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असावाच लागतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ. डिझाइनवाला पोरगा ती ओळ "घाण दिसते" म्हणून काढून टाकत होता, परत टाकायला लावली. सोशल मीडियावर पैसे देऊन जाहिरात चालवायची असेल तर आधी जिल्ह्याच्या समितीकडून मंजुरी, त्याला उमेदवाराने तीन दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, सोबत स्क्रिप्ट. म्हणजे माझी स्क्रिप्ट एकदा मंजूर झाली की नंतर त्यात एक शब्द हलवला तरी परत रांगेत. त्यामुळं गंमत अशी झाली की जे लोक "पटापट कायतरी टाका" म्हणत होते तेच जाहिरातीच्या स्क्रिप्टसाठी तीनतीनदा वाचून बघायला लागले, वकिलाला दाखवायला लागले, आणि त्याच कामाचा रेट मी दुप्पट लावला तर कुणी चकार शब्द काढला नाही. कॅप्शनच्या रेटवर मात्र घासाघीस चालूच.

हे डोक्यात राहिलंय. तीच मी, तीच भाषा, तेच लोक. फरक एवढाच की एका ठिकाणी चूक झाली तर त्यांचं नुकसान होत होतं, दुसऱ्या ठिकाणी होत नव्हतं.

२० नोव्हेंबर

मतदान केलं. दुपारी झोपले.

२९ नोव्हेंबर

उमेदवार पडला. पहिले दोन हप्ते आलेले, तिसऱ्यातले थोडे आलेत, उरलेल्यासाठी फोन केला तर "साहेब जरा शांत होऊ द्या". होऊ देते. अडकले ते चार हजार, पूर्ण अडकले असते तर चोवीस होते. नोव्हेंबरचा आकडा ३९ हजार, आजवरचा सगळ्यात मोठा, आणि प्रकल्पाच्या दृष्टीनं शून्य, कारण यातला रुपयाही डिसेंबरमध्ये येणार नाही.

४ डिसेंबर

एजन्सीनं डिसेंबरचं काम निम्म्यावर आणलं, "क्लायंटचं बजेट क्वार्टर एंडमुळं होल्डवर". झालं. एकाच्या होल्डवर माझं किराणा सामान.

अम्मा पानं कापत बसली होती तिला सांगितलं. तिनं तीस वर्षं विड्या वळल्यात. तिचा हजार विड्यांचा रेट, माझा शब्दाचा. तिच्यात छाट निघते म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, मेहनत गेली ती गेली, माझ्यात "रिव्हिजन". कंपनीनं पानं कमी दिली की तिचा आठवडा बसतो, एजन्सीनं कीवर्ड कमी दिले की माझा. ती सगळं ऐकून म्हणली, "मला पीएफ आहे, तुला काय आहे?"

खरं आहे. विडी कामगारांनी लढून कार्ड, पीएफ, बोनस मिळवला. मी ग्रॅज्युएट होऊन, लॅपटॉप घेऊन, घरात बसून, अम्माच्या एक पायरी मागं आहे. रात्री हे डोक्यातून जाईना म्हणून उठून यादी करायला घेतली. कुठली कामं मिळतील अशी यादी नाही, तसली यादी मी दर वर्षी करते. यावेळी प्रश्न असा लिहिला, सोलापुरात किंवा ऑनलाइन असे कोण लोक आहेत ज्यांचं मजकूर चुकल्यामुळं रोख नुकसान होतं?

सुचलेले: टॉवेल-चादरवाले जे ऑनलाइन विकतात. औषधं आणि खतं विकणारे. पैशाची देवाणघेवाण असलेली ॲप. पॅथॉलॉजी लॅब. वकील (पण त्यांचे पैसे कोण काढणार).

केस गळण्याचे लेख या यादीत बसत नाहीत. ते चुकले तरी कुणाला कळत नाही, कारण ते कुणी वाचतच नाही, ते गुगलसाठी असतात.

११ डिसेंबर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले. मामा एका कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखरेख बघणारे, आहेत, त्यांनी शेजारच्या शेठना सांगून ठेवलं होतं, "आमच्या बहिणीची पोरगी कॉम्प्युटरवर लिहिते". कारखान्यात शिरल्या शिरल्या कानठळ्या, मग ऑफिसात काचेआड जरा शांत. शेठ टेरी टॉवेल करतात, आधी सगळा माल व्यापाऱ्याला जायचा, दोन-तीन वर्षांपासून मुलगा ऑनलाइन पण विकतो.

मी सॅम्पल लेख वगैरे घेऊन गेले होते, ते बघितलेच नाहीत. मुलानं सरळ रिटर्नची यादी दाखवली. "मॅडम हे बघा, कस्टमर म्हणतो जाड नाहीये, कस्टमर म्हणतो फोटोत मोठा दिसला, कस्टमर म्हणतो पहिल्या धुण्यात रंग गेला. परत आला की जायचं-यायचं भाडं आमच्या डोक्यावर, आणि आलेला टॉवेल परत नवीन म्हणून विकता येत नाही." त्यांचं वर्णन वाचलं, कुठूनतरी कॉपी केलेलं, "लक्झरी स्पा फील, अल्ट्रा सॉफ्ट, हॉटेल क्वालिटी". सगळ्या टॉवेलांना तेच. पातळ पंचाला पण लक्झरी स्पा.

चार टॉवेल मागून घेतले, चारही वेगळे. शेठ म्हणाले, "लिहायला टॉवेल कशाला लागतोय?"

१३ डिसेंबर

टॉवेलचं गणित. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटरला किती ग्रॅम. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल म्हणजे साधारण ७६ बाय १५२ सेंटिमीटर, क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटरच्या आसपास. ५०० जीएसएम लिहिलं असेल तर टॉवेलचं वजन ५८० ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. ४६५. म्हणजे हा ४०० चा माल आहे आणि पेजवर ५०० लिहिलंय. दुकानदार विचारतोय, "काय, किलोवर विकूलालीस का?"

शेठच्या मुलाला फोन केला. तो आधी चिडला, मग गप्प, मग दहा मिनिटांनी त्याचाच फोन, जुन्या लॉटचं पेज नव्या लॉटला तसंच चालू ठेवलंय, सुतात बदल केला होता तो पेजवर कुणी केलाच नाही. म्हणजे "जाड नाहीये" म्हणणारं कस्टमर बरोबर होतं.

मग चारही टॉवेलांची वर्णनं तशीच लिहिली, साधी. हा हलका आहे, लवकर वाळतो, पावसाळ्यात आणि प्रवासात बरा, जाड टॉवेल पाहिजे असेल तर हा घेऊ नका तो घ्या. गडद रंगाचा पहिले दोन-तीन वेळा वेगळा धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्यानं टॉवेल पाणी कमी टिपतो. माप सेंटिमीटर आणि इंच दोन्हीत, आणि "साधारण पाच फूट लांब" असंही, कारण सेंटिमीटर वाचून कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही. इंग्लिश, हिंदी, मराठी तिन्ही.

"हा घेऊ नका" हे वाक्य शेठना पटेना. व्यापाऱ्याच्या तोंडात ते वाक्य येतच नाही. मुलानं ठेवलं.

२४ डिसेंबर

ऑनलाइन मार्केटप्लेसवर पण प्रोफाइल चालू ठेवलंय, बघितलं. फाइव्हर प्रत्येक ऑर्डरमधून २० टक्के घेतं. वर डॉलर बदलताना थोडं. इंग्लिश लेखनाला तिथं जगभरातून गर्दी, मराठीला मागणी कमी पण गर्दी पण कमी. एक ऑर्डर आली, लग्नपत्रिका. परदेशातलं कुटुंब, त्यांना आजोबांच्या काळातल्यासारखी "आमचे येथे श्रीकृपेकरून" अशी पाहिजे. मजा आली. पण हे सुट्टंच.

८ जानेवारी २०२५

टॉवेलवाले फिक्स! महिना १२ हजार, लेखी. नवीन डिझाइनचं वर्णन, ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरं, बाहेरच्या खरेदीदारांना जाणारी इंग्लिश मेल. शब्दावर नाही, महिन्यावर. बिल १ तारखेला, पैसे १० तारखेच्या आत. मुलगा म्हणाला रिटर्न कमी व्हायला लागलेत, किती ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, नाहीतर तो म्हणेल मग आता तुमची काय गरज.

शेठनी आधी एक चादर हातात ठेवली, सोलापुरी जेकार्ड, मोराची. "ही बोहनीची, बिलात धरू नका."

१५ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, चालू आहे. काल पाहुणे आलेले, कालचा दिवस गेला, आज पहाटे उठून भरून काढला. दिवसभर होम मैदानाकडून आवाज येतोय म्हणून नाही, पण संध्याकाळी जाणारच आहे, भाग्यश्री पाळण्यात बसायचं म्हणून मागं लागलीये.

मुख्य नोंद: एका लोकलायझेशन कंपनीची, म्हणजे ॲप-वेबसाइट आपल्या भाषेत आणणाऱ्या कंपनीची, टेस्ट पास झाले. पैसे पाठवायच्या ॲपचं मराठी. हे काम लेखासारखं नसतं, एका तक्त्यात शेकडो तुकडे येतात, "पाठवा", "रद्द करा", "काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने प्रयत्न करा". काही तुकड्यांना अक्षरांची मर्यादा, बटण छोटं असतं आणि मराठी लांब होतं. नावाच्या जागी नुसता कंस असतो, त्यात कुणाचंही नाव येणार. मागच्या माणसानं तिथं "ने" चिकटवलेला, म्हणजे "Sunita ने" टाइप दिसायचं, इंग्लिश नावापुढं तुटका "ने", आणि मोठ्या माणसाला पण एकेरी. मी सगळीकडं "यांनी" केलं, बाई-माणूस, लहान-मोठा, मराठी-इंग्लिश लिपी, सगळ्याला चालतं. टेस्ट बहुतेक त्याच एका गोष्टीवर पास झाली, कारण रिव्ह्यूअरनं तेवढ्यालाच खुणेचा तारा दिला होता.

रेट नवीन शब्दाला ९० पैसे. पण मेख आहे, आधी भाषांतर झालेलं वाक्य तसंच परत आलं तर शून्य, थोडंफार जुळणारं आलं तर निम्मे. त्यांच्या सॉफ्टवेअरला जुनं सगळं आठवत असतं. त्यामुळं तक्त्यात दहा हजार शब्द दिसले तरी बिल दहा हजाराचं होत नाही. आधी ॲनालिसिसचा आकडा मागून घ्यायचा, मग हो म्हणायचं.

१ फेब्रुवारी

बजेट. १२ लाखापर्यंत टॅक्स नाही म्हणून घरातले सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू मी बारा लाख कमावते. माझ्या कामाची ओळ वेगळीच होती: प्रोफेशनल फी वर टीडीएस, म्हणजे पैसे देणाराच आधी कापून घेतो तो टॅक्स, कापायची मर्यादा वर्षाला ३० हजारावरून ५० हजार होणार, १ एप्रिलपासून. एजन्सी १० टक्के कापते, ते कापतच राहणार कारण तिथं वर्षाचे ५० च्या वर जातात. पण छोटे क्लायंट, वर्षाला चाळीसेक हजार देणारे, ते आता कापणार नाहीत, म्हणजे हातात पूर्ण पैसे. कापलेला पैसा परत मिळतो हे खरं, पण रिटर्न भरून, पुढच्या वर्षी. तोवर तो माझा नसतो.

लगेच लॉगिन करून २६ एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेला टॅक्स दिसतो तो फॉर्म, बघितलं. ऑक्टोबर ते डिसेंबरचे अजून दिसत नाहीत. त्या तिमाहीचं रिटर्न भरायची मुदत ३१ जानेवारी होती, थोडे दिवस लागतात चढायला. फेब्रुवारीअखेर परत बघायचं.

१२ फेब्रुवारी

एजन्सीचे नोव्हेंबरचे पैसे अजून नाहीत. करारात त्यांनी "६० दिवस" लिहून घेतलेलं, ते पण उलटले. आमच्या सीएकडं गेले होते रिटर्नचं विचारायला, ते म्हणाले, "उद्यम केलंय का?" उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी. केलं होतं, मागच्या वर्षी, फुकट असतं, आधार आणि पॅनवर, पण त्याचा उपयोग कर्जाला होतो एवढंच माझ्या डोक्यात.

तर हे असं आहे. एमएसएमई कायदा २००६, सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्याकडून माल किंवा सेवा घेतली तर लेखी करार असेल तर त्यातली मुदत, पण जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. करारात ६० लिहिलं तरी कायद्यात ४५ च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. आणि आता त्याला दात आलेत, आयकराचं ४३ बी (एच), २०२४-२५ च्या असेसमेंटपासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच. म्हणजे मार्चअखेर जवळ आलं की कंपनीचे अकाउंटवालेच अशी बिलं शोधत फिरतात. सीए हसत म्हणाले, "तुम्ही मॅनेजरला मेल करताय, अकाउंट्सला करा."

केली. भांडण नाही, धमकी नाही. बिलाची कॉपी, त्यावर उद्यम नंबर, बिलाची तारीख, ४५ वा दिवस कुठला होता ते, आणि एक ओळ की कृपया ३१ मार्चच्या आधी बघावं.

१७ फेब्रुवारी

आले! नोव्हेंबर आणि डिसेंबर दोन्ही. मॅनेजरचा मेसेज, "मॅम डायरेक्ट अकाउंट्सला का, आपण फॅमिली आहोत". फॅमिलीला बिल देत नाही मी.

निवडणुकीचे चार हजार मात्र अजून शांतच आहेत.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, उपास, साबुदाणा, आणि दुसरं फिक्स काम. ठिबक आणि खतं विकणारा एक मोठा डीलर, मंगळवेढा-सांगोल्याकडं त्याचे डाळिंबवाले शेतकरी बरेच. दर आठवड्याला शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सल्ला जातो, तो त्यांचा कृषी पदवीधर पोरगा लिहायचा, त्याचं ज्ञान पक्कं आहे पण लिहितो असं की वाचताना धाप लागते, अर्धं इंग्लिश, अर्धं पुस्तकी. एकदा मेसेजमध्ये मात्रा "प्रति लिटर" च्या जागी "प्रति पंप" पडली, आणि पंप तर १५ लिटरचा असतो. नशीब एकानं फोन करून विचारलं. तेव्हापासून मालक म्हणतोय लिहायला वेगळा माणूस पाहिजे.

माझी अट: मात्रा, औषधाचं नाव, फवारणी आणि तोडणीमधलं अंतर, हे मी स्वतःहून कधी लिहिणार नाही आणि बदलणार नाही, पोरगा देईल तसं, आणि पाठवायच्या आधी त्यानं वाचून "ओके" लिहायचं, ते माझ्याकडं राहणार. माझं काम वाक्य सरळ करणं, एककं एकसारखी ठेवणं, आणि कुठं दोन अर्थ निघत असतील तर विचारणं. आंबिया बहाराची बाग सध्या फुलावर आहे, पहिला मेसेज त्याचाच, आणि तेल्याचा, म्हणजे डाळिंबावरच्या रोगाचा. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राची माहितीपत्रकं वाचून काढली, काम नव्हतं ते माझं पण शब्द कळायला पाहिजेत, शेतकरी "कळी" कशाला म्हणतो आणि "सेटिंग" कशाला.

महिना सहा हजार.

५ मार्च

बॅलन्सचं लिहायचं राहिलं होतं कारण आत्तापर्यंत बॅलन्स करण्याइतकं काही नव्हतंच.

दिवस असा बसवलाय. पहाटे साडेपाच ते दहा, ॲपचे तुकडे आणि शेतीचा मेसेज, जिथं डोकं जागेवर लागतं. अकरानंतर पत्र्याची खोली तापायला लागते, मार्चमध्येच ही गत, एप्रिल-मेमध्ये ४२-४३ झालं की लॅपटॉपचा पंखाच बोंबलत असतो. त्या वेळात फोनवरची कामं, ग्राहकांची उत्तरं, बिलं. एजन्सीचं एडिटिंग संध्याकाळी, त्याला जीव लावत नाही. पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि येतं ते रात्री कधीही, त्या रात्रीनंतरची सकाळ धरायचीच नाही, डेडलाइन देताना ते मोजूनच देते. क्लायंटला कारण सांगत नाही. सांगितलं तर पुण्यामुंबईच्या लोकांना वाटतं आपण बहाणा करतोय.

सुट्टी: शुक्रवार दुपारपासून शनिवार. रविवारी काम, कारण रविवारी कुणी फोन करत नाही.

आणि आठवड्यातून एक सकाळ फक्त नवीन कामासाठी, भरलेल्या आठवड्यात पण. ही सकाळ दुसऱ्या कामाला द्यायची नाही. रिकामी झाल्यावर काम शोधायला लागलं की आवाजातच कळतं समोरच्याला.

२२ मार्च

ॲपवाल्यांनी डबल काम देऊ केलं, एप्रिलपासून महिन्याला २० हजार शब्द. म्हणजे १८ हजारापर्यंत. पोटात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. पण मग तेच एकटे तिसऱ्या हिश्श्याच्या वर जातात आणि ते फिक्स नाहीत, तक्ता आला तर आला. शिवाय मशीन ट्रान्सलेशन वाढतंय, आज ना उद्या ९० पैशाचं "रिव्ह्यू" होऊन ४० होणार, एजन्सीत जे झालं तेच. त्यांना विचारलं की किमान हमी द्याल का, काम येवो न येवो महिना अमुक. को-ऑर्डिनेटर पोरगी चांगली आहे, म्हणाली विचारते वर. वरून नाही आलं. मग मी १२ हजार शब्दांपर्यंत हो म्हणलं, आणि उरलेल्यासाठी माझ्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीचं नाव दिलं, तिची टेस्ट चालू आहे.

भाग्यश्री म्हणते येडी आहेस, आलेली लक्ष्मी. असेन. पण ऑक्टोबरात एकोणीस हजाराची लक्ष्मी पण अशीच एकीच होती.

३१ मार्च

मार्चचा हिशोब, टीडीएसच्या आधीचा:

टॉवेल १२,०००. ॲप ९,४००. शेती ६,०००. एजन्सी ५,५००. सुट्टं (एक पत्रिका, एक भाषण) ३,१००. एकूण ३६,०००.

फिक्स म्हणजे टॉवेल अधिक शेती, १८ हजार, बरोबर निम्मं. सगळ्यात मोठा वाटा टॉवेलचा, तिसरा हिस्सा, काठावर. काठावर आहे म्हणूनच सांगते, टॉवेलवाल्यांनी चादरींचं पण काम देऊ का विचारलंय आणि चादरींवर लिहायला मला फार आवडेल, पण त्याआधी दुसरीकडचं एखादं फिक्स वाढलं पाहिजे. पॅथॉलॉजी लॅबशी बोलणं चालू आहे, रिपोर्टसोबत जाणारी मराठी माहितीपत्रकं, त्यांना "उपाशीपोटी" म्हणजे किती तास हे सांगायला रोज फोन घ्यावे लागतात.

९ एप्रिल

एजन्सीचा फोन, मेल नाही, फोन. मोठा प्रोजेक्ट आहे, दीड लाख शब्द, महिन्यात, २५ पैसे, एआयचं लिहिलेलं "ह्युमनाइज" करायचं. साडेसदतीस हजार होतात. एका महिन्यात, सगळ्या कामांच्या बेरजेपेक्षा जास्त.

कागदावर मांडलं. दीड लाख शब्द म्हणजे रोजचे पाच हजार, रविवारसकट. ते करायचं तर पहाटेचे तास जाणार, म्हणजे ॲप आणि शेती ढासळणार, आणि महिन्यानंतर प्रोजेक्ट संपणार.

उत्तर लिहिलं: २० हजार शब्द घेते, फक्त आरोग्याचे लेख, कारण त्यात चुकीचं काही राहिलं तर वाचणाऱ्याला त्रास होईल. ३५ पैसे. बिलापासून १५ दिवसांत पैसे. पुन्हा लिहावं लागलेल्या लेखाला एडिटचा नाही, लेखनाचा रेट.

संध्याकाळी उत्तर, "३० पैसे करा मॅम, बाकी ओके." ३५ वरच थांबले. रात्री साडेनऊला, "ओके. सोमवारी पहिला लॉट." आता त्यांच्या सोमवारच्या लॉटसाठी शुक्रवारची सुट्टी हलवायची नाही, तो लॉट मंगळवारी संध्याकाळी उघडणार.